बाईंचे कागद

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीकडच्या कुडाच्या घरात शिरलं की कागद कुठे ठेवलेत हे विचारावं लागत नाही. आढ्याकडे बघायचं. कारवीच्या कुडाला वाळवी लागते, पावसाळ्यात भुईला ओल येते, उंदीर तर घरचेच. म्हणून प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून वर टांगलेली असते, चुलीच्या धुराच्या वाटेत. रेशनकार्ड, जातीचा दाखला, आधार, वनहक्काच्या दाव्याची पोच, पोराचं लसीकरणाचं कार्ड. धुराने पिशवी पिवळी पडते, पण आतलं शाबूत राहतं. यातला एकही कागद घरातल्या माणसाने लिहिलेला नसतो. सगळे कुठल्या ना कुठल्या कचेरीतून आलेले.

या डोंगरात कागद आला तो बाहेरून, आणि बहुतेक वेळा विरोधात. पावसाळ्यातल्या उपासमारीच्या दिवसांत सावकाराकडून खावटीचं भात उचलायचं, अंगठा उठवायचा, आणि पीक आलं की वही सांगेल तेवढं मोजून द्यायचं. लग्नासाठी पैसे घेतले तर नवरा-बायको दोघांनी लग्नगडी म्हणून त्याच दारात राबायचं. कर्ज फिटलं की नाही हे सांगणार तो, ज्याला वाचता येतं. आता दिवाळीनंतर माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि उचलीचा आकडा मुकादमाच्या डायरीत असतो.

अशा मुलखात चाळीस वर्षं शाळा शिकवल्यावर ‘व्यक्तिगत कागदपत्रं’ हे शब्द ऐकले की मला आधी थोडं हसू येतं. दिल्लीत तीन मूर्ती भवनात पुढाऱ्यांचे खाजगी कागद जपलेले आहेत. मुंबईत दहिसरला ‘स्पॅरो’ आहे. तमिळ लेखिका अंबई, म्हणजे सी. एस. लक्ष्मी, यांच्या पुढाकाराने 1988 मध्ये उभी राहिलेली ही संस्था फक्त बायकांची पत्रं, डायऱ्या, फोटो आणि मुलाखती सांभाळते. हे काम फार मोलाचं आहे. पण कागद जपायला आधी कपाट लागतं, आणि ज्या बायकांचे कागद मला वाचायचे आहेत त्यांच्या आयुष्यात कपाट बसेल एवढी जागा क्वचितच होती.

तनुबाई बिर्जे घ्या. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुलगी. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये काढलेलं आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत जगवलेलं ‘दीनबंधु’ वृत्तपत्र लोखंड्यांच्या मागे तनुबाईंच्या यजमानांकडे, वासुदेव बिर्ज्यांकडे आलं. ते गेल्यावर 1906 पासून तनुबाईंनी ते स्वतः चालवलं. भारतातली पहिली स्त्री संपादक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण त्यांची ओळख होते ती पत्राच्या अंकांतून आणि इतरांनी लिहिलेल्यावरून. वर्गणी थकल्यावर छापखान्याची देणी कशी भागवली, अग्रलेखावर कोण तणतणत घरी आलं, रात्री प्रुफं तपासताना शेजारी कोण जागत होतं, या गोष्टी अंकात छापत नसतात. त्या असतात पत्रात, हिशेबाच्या चिठोऱ्यात. संपादक पुरुष असता तर घरातल्या कुणीतरी ते चिठोरे गाठोड्यात बांधून ठेवले असते, असं मला खात्रीने वाटतं.

दुसरं उदाहरण नागपूरच्या निर्मला देशपांड्यांचं. 1952 मध्ये विनोबांच्या भूदान पदयात्रेत शिरल्या आणि हजारो मैल चालल्या. ‘नित्यनूतन’ हे नियतकालिक चालवलं. 2000 साली भारतातल्या बायकांची बस घेऊन शांततेसाठी लाहोरला गेल्या. रोज मुक्काम हलवणाऱ्या माणसाजवळ किती कागद उरत असतील? खांद्यावर मावतील तेवढे.

आणि आमच्या जिल्ह्याच्या गोदूताई. गोदावरी परुळेकर. पुण्यातल्या नामवंत वकील गोखल्यांची मुलगी, स्वतः कायदा शिकलेली, भारत सेवक समाजाची पहिली स्त्री सदस्य. त्या व्यवसायाने पत्रकार नव्हत्या. पण ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुन्हा वाचताना मला दर वेळी वाटतं की एवढ्या चांगल्या वार्ताहर आमच्या भागाला परत मिळाल्या नाहीत. त्या मजुरी आण्यांत सांगतात. गवताच्या कापणीचा दर कशावर ठरतो, वेठीला कुणाला किती दिवस नेतात, जमीनदाराच्या वाड्यावर बायकांचं काय होतं, हे नावानिशी, जागेनिशी येतं. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे थोडे वारली आदिवासी आले. 23 मे 1945 ला झरीला हजारो जमले आणि ठरलं : रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर पाय ठेवायचा नाही आणि वेठ करायची नाही. जव्हार तेव्हा मुकणे राजांचं संस्थान होतं, पण अशी बातमी काही संस्थानाच्या हद्दीवर थांबत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पाड्यापाड्यांतून निरोप फिरला की बाईंनी, म्हणजे गोदूताईंनी, तलवाड्याला बोलावलंय, बाईंच्या जिवाला धोका आहे. निरोप खोटा होता. माणसं काठ्या-कोयते घेऊन धावली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. मला हा प्रसंग नेहमी अडवतो. अंगठेबहाद्दर माणसाला फसवायला इतकी वर्षं खोटी वही लागत होती. त्या दिवशी नुसतं बाईंचं नाव पुरलं. कारण त्या नावावर विश्वास होता, आणि ते नाव खरंच बाईंकडून आलंय का हे पडताळायला हातात एक चिठ्ठीही नव्हती.

सरकारने मात्र लिहिलं. 1946 मध्ये परुळेकर पती-पत्नींना जिल्ह्यातून तडीपार केलं. हुकूम कागदावरच निघाला. शामरावांनी 1947 मध्ये इंग्रजीत ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ ही पुस्तिका लिहिली. 1965 मध्ये स्थानबद्धतेतच ते गेले. गोदूताईंचं पुस्तक आलं 1970 मध्ये, म्हणजे झरीच्या सभेनंतर पंचवीस वर्षांनी, आणि 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तडीपारी, भूमिगत दिवस, तुरुंग एवढ्यातून गेलेली बाई टिपणवह्यांचं बाड काखोटीला मारून हिंडली असेल, असं मला वाटत नाही. त्यांचे कागद म्हणजे तेच पुस्तक.

तरी हाव सुटत नाही. 1940 मध्ये युद्धविरोधी चळवळीपायी ही दोघं तुरुंगात गेली. पुढे सोव्हिएत संघ युद्धात ओढला गेला आणि त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाचीच युद्धाबद्दलची भूमिका फिरली. काल ज्या युद्धाला विरोध म्हणून कोठडी भोगली, तेच आज लोकयुद्ध. त्या दिवसांत गोदूताईंनी रात्री स्वतःशी काय लिहिलं असतं? छापील पुस्तकात माणूस ठरलेलं बोलतो, डायरीत अडखळतो. ते अडखळणं वाचायला मिळालं असतं तर मी बाकीच्या साऱ्या ठरावांवर पाणी सोडलं असतं.

1992 मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि आमच्या गावांची नावं मुंबईच्या पेपरांत पहिल्या पानावर आली. जीपगाड्या आल्या, कॅमेरे आले, पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं. ती कात्रणं मी शाळेच्या कपाटात ठेवली होती. आज चाळताना जाणवतं की त्यांत आकडे आहेत, मंत्री आहेत, डोळे खोल गेलेल्या मुलाचा फोटो आहे. आई बोलते अशी बातमी शोधावी लागते.

मग मला आठवली पलीकडच्या पाड्यावरची निवृत्त अंगणवाडी सेविका. सरकारी रजिस्टरं कधीच कचेरीत जमा झाली, पण ती घरी शंभर पानी वहीत वेगळं लिहायची, हे मला माहीत होतं. कोण भट्टीवर गेलं, कुणाचं पोर कुपोषणाच्या कितव्या श्रेणीतून कितव्यात गेलं, कुणाच्या घरी तीन दिवस नागलीची भाकर नाही. मी तिला दहिसरच्या संस्थेचं सांगितलं, वही तिथे नीट राहील म्हणालो.

“कोण वाचणार ती, गुरुजी?”

“अभ्यास करणारे. मुंबईचे, पुण्याचे.”

“नावं आहेत त्यात. त्या बाया मला अजून पाण्यावर भेटतात.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की आधी ती सगळी वही वाचून बघणार, काय द्यायचं ते तीच ठरवणार. तिने आढ्यावरची पिशवी काढून गाठ सोडली. पहिल्याच पानावर एका पोराचं वजन होतं, आणि त्याच्यापुढे कंसात दुसरं वजन, जवळजवळ दीड किलो जास्त.

“दोन का?” मी विचारलं.

“कंसातलं रजिस्टरात लिहिलं. मॅडमनी सांगितलं तसं. हे कंसाबाहेरचं, ते काट्यावरचं.”

“मग हे पान द्यायचं की नाही?”

ती म्हणाली, “हेच द्यायचं. बाकीचं बघू.”