नेम

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुका राजर्षी शाहू महाराजांच्या धरणामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. याच तालुक्यात कांबळवाडी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील एका शिक्षकाचा मुलगा, स्वप्नील कुसाळे, २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि पुढे त्याने रायफल हाती घेतली. नेमबाजी हा मोठ्या खर्चाचा खेळ. सरावात उडविलेल्या प्रत्येक गोळीला किंमत मोजावी लागते. शिक्षकाच्या घराने तो भार आनंदाने सोसला.

स्वप्नीलने निवडलेल्या प्रकारात पन्नास मीटर अंतरावरील लक्ष्यावर गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरावयाचा असतो. दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर रुंद! पालथे पडले असता जमीन आधार देते. उभे राहिले की आधार उरतो तो स्वतःच्याच शरीराचा. हृदयाच्या ठोक्यानेदेखील नेम ढळतो. म्हणून येथे प्रतिस्पर्ध्यावर धावून जावयाचे नसते; स्वतःला आवरावयाचे असते.

हे आवरणे सोपे नव्हते. २०२२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत स्वप्नील चौथा आला. पुढच्या वर्षी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत त्याने सहकाऱ्यांसह सांघिक सुवर्णपदक मिळविले. परंतु वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर असताना त्याची एक गोळी भरकटली. तिला अवघे ७.६ गुण मिळाले आणि पुन्हा चौथे स्थान नशिबी आले. एका क्षणाने अनेक वर्षांचे कष्ट हिरावून नेले, असे वाटून दुसरा कोणी खचला असता. स्वप्नील मात्र पुन्हा सरावाला लागला. दीपाली देशपांडे या त्याच्या मार्गदर्शक. २००४ साली त्या स्वतः ऑलिंपिकमध्ये उतरल्या होत्या. पराभवाची चव त्यांना ठाऊक होती.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमधील अंतिम फेरी फ्रान्समधील शातोरू येथे झाली. आठ स्पर्धकांत स्वप्नील सातव्या क्रमांकाने आला होता. पहिल्या दोन स्थितींनंतरही तो पहिल्या तिघांत नव्हता. उरली होती उभी स्थिती. हांगझोऊला घात झाला तो तेथेच. या वेळी मात्र मन ढळले नाही. ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक जिंकले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचे पदक मिळविले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले.

इतरांचे नेतृत्व करू इच्छिणाऱ्याने प्रथम स्वतःवर सत्ता मिळवावी लागते. सुटलेली गोळी परत आणता येत नाही. पुढचा नेम मात्र आपल्याच हाती असतो. हे ज्याला उमगले, त्याच्यामागून चार पावले चालावयास इतरही धजतात.