मर्यादवेल

आमच्या घराच्या पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी. मधे देवबागची वाळूची पट्टी, काही ठिकाणी इतकी चिंचोळी की समुद्राची गाज आणि खाडीतल्या होडीचं इंजिन एकाच पडवीत ऐकू येतं. मालवणहून तारकर्लीमार्गे येणारा रस्ता इथेच संपतो. याच पट्टीवरचे आमचे अकरा माड मी समुद्रात जाताना पाहिले.

मी लहान होतो तेव्हा माडांच्या रांगेपुढे पुरुषभर उंचीचा वाळूचा उंचवटा होता आणि त्यावर मर्यादवेल पसरलेली असायची. आपट्यासारखी दुभंगलेली जाड पानं, जांभळी फुलं, दहा-दहा हात लांब गेलेले दोर. पेरापेराला मूळ धरून ती वाळू बांधून ठेवते. आम्ही पोरं तिचे दोर ओढायला गेलो की आजी ओरडायची, "वेलीक हात लावू नको रे, ती दर्याची शीम आसा." पावसाळ्यात पुळण खरवडून जायची आणि दिवाळीनंतर हळूहळू परत भरायची. वाळू गेली म्हणून कोणी घाबरत नसे, कारण ती परत येणार हे ठाऊक होतं.

मग पर्यटक येऊ लागले. आम्हीही दोन खोल्या बांधल्या. खोलीतून थेट समुद्र दिसला पाहिजे, अशी प्रत्येकाची मागणी. मी स्वतः कोयता घेऊन वेल तोडली, मजूर लावून उंचवटा सपाट केला आणि तीच वाळू खोल्यांच्या जोत्यात भरली. दोन सकाळी पुरल्या. आजी तेव्हा हयात नव्हती. असती तर मी ते केलं असतं का, हा प्रश्न मला आजही छळतो.

त्याच वर्षांत खाडीतून वाळू उपसली जात होती, ब्रासच्या हिशेबानं विकली जात होती. आमच्या जोत्यावरच्या भिंतींनाही तीच लागली. नदीनं आणलेली वाळू मुखातून बाहेर पडते, लाटा ती किनाऱ्यावर पसरतात, त्यातूनच पुळण भरते. खाडीत खड्डे पडले की वाळू आधी त्यांत बसते, मग पुळणीला काय उरणार? १९९० ते २०१८ या काळात देशाच्या मुख्य भूमीचा जवळपास एक तृतीयांश किनारा झिजल्याचं राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्रानं नोंदवलं आहे. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचंच अंगण होतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा लाटा पडवीपर्यंत आल्या. उंचवटा नव्हताच. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर पुढच्या माडांची मुळं गुडघाभर उघडी पडली होती. माडाला सोटमूळ नसतं. बोटाएवढ्या जाडीची शेकडो तांबूस मुळं केरसुणीसारखी हवेत लोंबत होती. मी फावड्यानं त्यांच्यावर वाळू ओढली. पुढच्या उधाणाला ती गेली. जुलैत पहिला माड पडला, शहाळ्यांसकट. विहिरीचं पाणी मचूळ झालं, डाळ शिजेना.

नंतर काळ्या दगडांचा बंधारा झाला. त्यानं घर वाचवलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण दगडावर आपटून परतणारी लाट त्याच्या पायाशी असलेली वाळू ओरबाडून नेते आणि बंधारा जिथे संपतो तिथली जमीन जास्त कापली जाते. आमच्यापुढे आता पुळण उरलेली नाही. रापण ओढायला मोकळी वाळू लागते, दगडांत जाळं फाटतं. लहानपणी ज्या रापणीच्या दोराला आम्हीही हात लावायचो, ती आता आमच्यासमोर लागत नाही.

बंधारा आमच्या हद्दीच्या मध्यावर संपतो. उरलेल्या तुकड्यात गेल्या जूनमध्ये मी मर्यादवेलीची वीस खोडं लावली. सात जगली. त्यांच्याभोवती वीतभर वाळू साठली आहे.

तुम्ही देवबागला आलात आणि एखाद्या खोलीच्या खिडकीतून समुद्राऐवजी वेलीनं झाकलेला उंचवटा दिसला, तर घरमालकाकडे तक्रार करू नका. वेल न तुडवता कडेच्या पायवाटेनं चार पावलं पुढे जा. समुद्र पलीकडेच आहे.