अहो, ते जहाज आपल्या मुंबईतून सुटतं!

कधी एकदा हे सगळ्यांना सांगते असं मला झालंय. जे जहाज मायामीहून बहामाजला पर्यटक नेण्यासाठी बांधलं गेलं, ज्याने कॅरिबियन समुद्रात वर्षानुवर्षं फेऱ्या मारल्या, जे थेट हवानाच्या बंदरात जाऊन आलं, ते आता मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटतं. बोईसरहून सकाळची चर्चगेट लोकल पकडायची, चर्चगेटला टॅक्सी करायची आणि दुपारी जहाजावर! मी आणि नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली माझी लेक, आम्ही दोघीच जाऊन आलो. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

हट्ट लेकीचा होता. वर्षभर तिच्या मोबाईलवर कॅरिबियनच्या जहाजांचे व्हिडिओ चालायचे. निळंशार पाणी, पांढरी वाळू, डेकवरचे पोहण्याचे तलाव. “आई, परीक्षा संपली की हेच.” अमेरिकेचा व्हिसा, मायामीपर्यंतचं विमान आणि त्यावर जहाजाचं भाडं हा हिशेब तारापूर एमआयडीसीतल्या लॅबच्या पगारात बसणारा नव्हता, आणि ते तिलाही कळत होतं. मग एका रविवारी ती धावतच स्वयंपाकघरात आली. “आई, त्यातलं एक जहाज इथेच आहे गं!”

त्या जहाजाची गोष्ट ऐका. फ्रान्समधल्या सें-नाझेरच्या गोदीत ते बांधलं गेलं आणि १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने रॉयल कॅरिबियन कंपनीत दाखल झालं. मायामीत त्याचं नामकरण केलं गायिका ग्लोरिया एस्टेफानने. तिचा जन्म हवानाचा, लहानपणीच क्युबा सोडावा लागलेला. २००४ मध्ये जहाजाचं नाव ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झालं, मधली काही वर्षं ते स्पेनच्या एका कंपनीकडे गेलं आणि २०१६ मध्ये परत आलं. एप्रिल २०१७ मध्ये रॉयल कॅरिबियनचं जे पहिलं जहाज क्युबाला गेलं ते हेच! हवानाच्या लेकीने नाव ठेवलेलं जहाज सत्तावीस वर्षांनी हवानाला पोहोचलं. पुढे करोनाच्या काळात ते विकलं गेलं, आणि सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचं ‘एम्प्रेस’ म्हणून ते मुंबईहून फेऱ्या मारतंय. हे सगळं लेकीने मला एका दमात सांगितलं, तेव्हा गॅसवरचं दूध उतू चाललं होतं आणि दोघींपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

जवळ जाऊन उभं राहिलं की मान वर करून बघतच राहावं लागतं. लांबी २११ मीटर, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षा थोडी कमी, आणि वर मजल्यांवर मजले. ग्रॉस टनेज ४८,५६३. मला वाटलं हे वजन असेल, पण लेकीने समजावलं की जहाज आतून किती जागेचं आहे, त्याचं ते माप आहे. सोळाशेच्या वर प्रवासी घेणारं हे धूड पाण्याखाली असतं जेमतेम सात मीटर! केबिन लहान, १९९०च्या मापाची. पण गोल खिडकीला नाक लावलं की बाहेर फक्त समुद्र, मग केबिनचं माप कोण काढतं?

निघण्याआधी सगळ्यांना जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं आणि कुठे जमायचं ते शिकवतात. भोंगा वाजतो, सात छोटे आणि एक लांब. तो झाला आणि जहाज हललं, इतकं हळू की आधी किनाराच सरकतोय असं वाटलं. गेटवे मागे पडला, कुलाबा मागे पडलं.

आणि मग मी आयुष्यात कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. बंदराची वाट दाखवायला मुंबई बंदराचा पायलट जहाजावर असतो. जहाज खोल पाण्यात पोहोचलं की त्याचं काम संपतं, पण त्याला उतरवण्यासाठी जहाज थांबत नाही. एक छोटी बोट आली आणि जहाजाला अगदी खेटून त्याच वेगाने पळू लागली. जहाजाच्या कुशीतलं एक दार उघडलं, दोरांची शिडी खाली सुटली. लाल जॅकेट घातलेला तो माणूस पाठमोरा उतरू लागला. खालची बोट लाटेवर वर येत होती, खाली जात होती. शेवटच्या पायरीवर तो क्षणभर थांबला, बोट वर यायची वाट पाहिली आणि ती वर आल्याबरोबर सहज पाऊल टाकून तिच्यावर उभा राहिला. वर बघून हात केला आणि गेला. आमच्या शेजारच्या काकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या डेकनेच वाजवल्या. लेक म्हणाली, “हे रोज करतात हे लोक?” रोज करतात, दिवसातून अनेकदा करतात, आणि आपल्याला पत्ताच नसतो!

तासाभरात फोनची रेंज गेली. पैसे भरून जहाजाचं वायफाय घेता येतं, आम्ही घेतलं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या आयांनो, हे नीट वाचा. घरी आमचं बोलणं कसं व्हायचं? मी फर्स्ट शिफ्टला निघताना ती झोपलेली, मी परत येते तेव्हा ती क्लासला, रात्री जेवताना तिच्या एका कानात इअरफोन. जहाजावर तिला तिचं स्वतःचं कार्ड मिळालं. त्याच कार्डाने केबिनचं दार उघडतं, त्याच्यावरच तिची नोंद. पहिल्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं, “जा, फिर कुठे फिरायचं ते. जेवायला ये.” बोईसरच्या नवापूर रोडवर एकटीला संध्याकाळी पाठवताना माझा जीव वरखाली होतो, आणि इथे मी निवांत खुर्चीत! ती क्लाइंबिंगच्या भिंतीवर चढून आली, नाशिकच्या दोन मुलींशी मैत्री करून आली, भटारखान्यात काम करणाऱ्या मालवणच्या दादाशी गप्पा मारून आली. सगळीकडून येऊन ती मलाच सांगत होती. सांगायला दुसरं कुणी नव्हतंच ना! भरभरून, हातवारे करून सांगत होती. इतकं ती माझ्याशी गेल्या दोन वर्षांत बोलली नसेल.

रात्री काळोखात दूरवर मासेमारी बोटींचे दिवे दिसले. लाल दिवा डाव्या अंगाला, हिरवा उजव्या अंगाला. त्यावरून बोट कुठल्या दिशेला चाललीय ते कळतं. हे तिला मुरबे गावातल्या मैत्रिणीने शिकवलेलं, जिचे बाबा मासेमारी बोटीवर तांडेल आहेत. मला माहीतच नव्हतं की तिला हे येतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी लिहायला बसले. दक्षिणेला निघालेल्या जहाजाच्या मागच्या डेकवर उभं राहिलं की तोंड उत्तरेला होतं. खाली जहाजाने कापत आणलेला पांढरा फेसाळ पट्टा, वर सप्तर्षी. सप्तर्षींतल्या पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा तशीच पुढे नेली की ध्रुव. क्षितिजापासून ध्रुव जितका उंच, तितका आपला अक्षांश. हात ताणून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. आमच्या जवळच्या चिंचणीच्या किनाऱ्यावरून ध्रुव दोन मुठी वर, कारण आपलं बोईसर १९.८ अंशावर. पूर्वी अरबी समुद्रातले नाखवे ‘कमाल’ नावाची लाकडी फळी गाठी मारलेल्या दोरीने डोळ्यासमोर धरून हेच मोजत आणि त्यावर वाट काढत. लेक रोज रात्री मूठ धरून उभी. शिवाय फोनला रेंज नसली तरी त्याचं जीपीएस चालू असतं, त्यामुळे मुठीचं उत्तर लगेच ताडून बघता येत होतं. अठरा, सोळा, चौदा. ध्रुव खरंच खाली येत होता! पुस्तकात वाचलेलं पृथ्वीचं गोलपण आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिलं.

अगत्तीला पोहोचलो तेव्हा आकडा होता १० अंश ५१ मिनिटं. एकच मूठ.

अगत्ती! लक्षद्वीपची छत्तीस बेटं मिळून जमीन जेमतेम बत्तीस चौरस किलोमीटर, वस्ती त्यातल्या दहांवर. मोठं जहाज खोल समुद्रात थांबतं, आणि लहान बोटींतून आपण बेटावर जातो. पाण्याचा रंग मी सांगूच शकत नाही, व्हिडिओतही तो तसा येत नाही. स्नॉर्केलिंगचा मास्क लावून डोकं पाण्याखाली घातलं आणि आधी ऐकू आलं ते कुडुम कुडुम! पॅरटफिश प्रवाळ चावत होते. प्रवाळाचा चुरा त्यांच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो. आम्ही ज्या पांढऱ्या वाळूवर उभ्या होतो त्यातली बरीचशी माशांनी केलेली! मग एक हिरवं समुद्री कासव आलं, आमच्याकडे ढुंकूनही न बघता तळाचं गवत चरू लागलं. लेकीने पाण्याखालीच माझा हात घट्ट धरला.

ही बेटं झाली कशी? डार्विनने १८४२ साली मांडलं की ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत जातो आणि त्याच्या कडेने प्रवाळ वर वर वाढत राहतो. डोंगर बुडतो, उरतं ते कडं. आणि बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की लक्षद्वीपखालचा ज्वालामुखी आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा खडक ओतणारा लाव्हा, दोन्ही पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तप्त ठिकाणाहून आले. पालघर-मनोर रस्त्यावरून दिसणारा आपला काळदुर्ग आणि हे निळ्या पाण्यातलं कडं यांचं मूळ एक! मी तिथेच वाळूवर बसले.

परतीच्या वाटेवर लेकीने शाळेचा नकाशासंग्रह उघडला. दहावीच्या भूगोलाला भारत आणि ब्राझील, त्यामुळे अटलांटिकची ती बाजू तिला पाठ. १९.८ अंशावर तिने बोट ठेवलं आणि सरळ पश्चिमेला नेलं. अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक ओलांडून बोट थांबलं हैतीच्या उत्तर किनाऱ्यावर, काप-हाइसियन शहरापाशी. त्याला लागूनच लबादी, जिथे रॉयल कॅरिबियनची जहाजं १९८६ पासून अनेक वर्षं पर्यटक उतरवत होती. बोईसर आणि लबादी जवळपास एका रेषेवर! मग अगत्तीवरून तसंच बोट नेलं, तर ते गेलं त्रिनिदाद-टोबॅगोवर. हैती कॅरिबियनच्या उत्तर काठाला, त्रिनिदाद दक्षिण टोकाला. “आई, म्हणजे आपण अख्खं कॅरिबियन वरून खालपर्यंत केलं की! फक्त आपल्या समुद्रात.”

त्रिनिदाद म्हटलं आणि मला माझे वडील आठवले. पोर्ट ऑफ स्पेन हे नाव ते एखाद्या तीर्थक्षेत्राचं घ्यावं तसं घेत. मार्च १९७१, भारतीय क्रिकेट संघाचा दौरा, अजित वाडेकर कर्णधार, सुनील गावसकरचं पदार्पण तिथल्याच मैदानावर, आणि त्या मालिकेत त्याच्या ७७४ धावा. लेकीला यातलं काहीच माहीत नव्हतं. डेकवर बसून मी तिला ती सगळी मालिका सांगितली, वडिलांनी मला सांगितली तशी, आणि तिने मध्ये एकदाही कंटाळा दाखवला नाही. मग १८४५ साली ‘फातेल रझाक’ जहाजातून त्रिनिदादला उतरलेल्या पहिल्या हिंदी मजुरांचंही बोलणं निघालं. काही महिन्यांचा तो प्रवास, उसाच्या मळ्यांसाठी, आणि त्यातले पुष्कळ जण कधी परत आलेच नाहीत. आमच्या पायाखाली पोहण्याचे तलाव असलेलं जहाज होतं. लेक बराच वेळ गप्प होती.

आणि चिकू! आपला डहाणू-घोलवडचा चिकू, ज्याला २०१६ मध्ये जीआय मिळालं, त्याचं मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा किनारा. रामफळही तिकडचंच. जहाज आत्ता आलं, फळं केव्हाच येऊन आपल्या वाड्यांत रुजली.

जाणार असाल तर फक्त गोव्याची छोटी फेरी घेऊ नका, लक्षद्वीप असलेलीच घ्या. खिडकीची केबिन घ्या. मुलांना नकाशा द्या, शक्य असेल तर वायफाय देऊ नका. मागचा डेक रात्री दहानंतर बऱ्यापैकी मोकळा होतो, ध्रुव तिथूनच बघा. गेली काही वर्षं पावसाळ्यात हे जहाज चेन्नईला जातं आणि तिथून श्रीलंकेकडे निघतं. त्रिंकोमाली साडेआठ अंशांवर, म्हणजे ध्रुव मुठीच्याही खाली! लेकीने तारखा काढून ठेवल्या आहेत. अकरावीची यादी लागली की बघू, असं मी तिला सांगितलंय, पण काल लंच टाइममध्ये कंपनीत माझी किती रजा शिल्लक आहे ते विचारून आले.