फोर्स फीडबॅक हवाच

बजेट बेताचं आहे, तरी एक पक्कं ठरवलंय: गेमसाठी फोर्स फीडबॅक नसलेलं स्टिअरिंग घ्यायचं नाही. अगदी स्वस्तातल्या स्टिअरिंगमध्ये स्प्रिंग किंवा रबर असतं, सोडलं की मध्यावर येतं, एवढंच. मोटर असली की पुढच्या टायरची पकड सुटताना स्टिअरिंग हलकं पडलेलं हाताला कळतं. मला तेच हवंय. शिवाय १८० अंशच फिरणाऱ्या स्टिअरिंगवर ट्रक कसा वळवणार? ९०० अंश म्हणजे अडीच फेरे. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' खेळताना पारोळा-एरंडोल रस्त्यावरचे ट्रकवाले आठवायला हवेत.

डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे थेट मोटरवर बसवलेलं स्टिअरिंग, माझ्या आवाक्याबाहेर. बेल्टवालं गुळगुळीत चालतं, पण मोटर तापली की जोर उतरतो, आणि जळगावचा मे महिना ४५ अंशांचा. म्हणून २०१५ साली आलेलं, गिअरवर चालणारं लॉजिटेक जी२९ बरं वाटतं. गिअरची खडखड होते, होऊ दे. सोबत क्लचसकट तीन पेडल मिळतात.

धुळ्यात एक मुलगा त्याचं जुनं जी२९ विकतोय. "भाऊ, एकदम कंडिशनमध्ये आहे," म्हणाला. असेलही. पण पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ बसते आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा! ब्रेक सावकाश दाबायचा, स्क्रीनवरची ब्रेकची पट्टी बघायची. ती थरथरली तर आतली साफसफाई आली, भाव तेवढा कमी करायला सांगायचं. शनिवारी लॅपटॉप घेऊनच जातो.