आधी पेट्रोलची तजवीज

कोल्हापूर,
चैत्र वद्य पंचमी

चि. सुहास यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे पोचली. १९९० सालची ती मस्टँग, तिच्या बॉनेटखालचे 'पाच लिटर' म्हणून विकले गेलेले पण वस्तुतः ४,९४२ घनसेंटिमीटरचे व्ही-आठ इंजिन, आणि डिकीत पट्ट्यांनी आवळलेली नायट्रस ऑक्साइडची निळी बाटली, हे सगळे मी भिंग लावून पाहिले. ताईला मात्र यातले काही दाखवलेले नाही. मुलगा मिशिगनात सुट्टीच्या दिवशी जुनी गाडी दुरुस्त करतो, एवढ्यावर तिचे समाधान आहे आणि ते तसेच राहू द्यावे, असे मला वाटते.

तू विचारतोस की, नायट्रसचा शंभर अश्वशक्तीचा हा संच बसवताना पेट्रोलच्या मूळ व्यवस्थेला हात लावावा लागेल काय. विकणारा तर 'आहे त्यावर भागेल' म्हणाला. भागणार नाही. हे मत मी डिझेलच्या पंपरूममध्ये जन्म काढलेला माणूस म्हणून देत आहे. तुझ्या पेट्रोलच्या यंत्रणेशी माझा परिचय जरी पुस्तकी आणि अलीकडचा असला, तरी दाबाखालचे इंधन मोजून देण्याचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे आणि त्यात अंदाजाला कधीच मुभा नसते.

प्रथम त्या वायूविषयी. जोसेफ प्रीस्टलीने १७७२ साली तो शोधला, पुढे हम्फ्री डेव्हीने ब्रिस्टलला तो स्वतः हुंगून पाहिला, १८४४ साली अमेरिकेतल्या हॉरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने दात उपटताना त्याचा उपयोग केला, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने, आणि मॉस्किटो विमानांवर ब्रिटिशांनीही, उंचावरच्या विरळ हवेत गुदमरणाऱ्या इंजिनांना तोच पाजला. एवढा इतिहास पुरे. तुझ्या कामाची गोष्ट अशी की, वजनाने पाहिल्यास हवेत प्राणवायू सुमारे २३ टक्के असतो, तर या वायूत तो ३६ टक्के असतो. सिलिंडरातील उष्णतेने त्याचे विघटन झाले की तो मोकळा होतो, आणि त्याखेरीज बाटलीतून द्रवरूपाने निघालेला हा वायू इनटेकमध्ये फसकन उकळताना आतली हवा थंड आणि घन करून जातो, तो लाभ वेगळाच. परंतु हा वायू स्वतः जळत नाही. ज्या शंभर अश्वशक्ती तुला हव्या आहेत त्या बाटलीत नाहीत, त्या पेट्रोलच्या टाकीत आहेत. बाटली फक्त जास्त पेट्रोल जाळण्याची परवानगी देते, आणि परवानगी मिळूनही पेट्रोल हजर झाले नाही, तर जळायला दुसरे काहीतरी पुढे येते.

ते दुसरे काय, हे पाहायचे असेल तर आपल्या उद्यमनगरात गॅस-कटिंग करणाऱ्या कोणाही कारागिराजवळ घटकाभर उभे राहावे. ऍसिटिलीनच्या ज्योतीने तो पोलादाची कड लाल करतो, आणि मग टॉर्चची कळ दाबून निव्वळ ऑक्सिजनचा झोत सोडतो. पाटा चिरत जातो तो ज्योतीमुळे नव्हे, तर त्या जादा ऑक्सिजनात पोलादच जळू लागते म्हणून. तुझ्या इंजिनात पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा पिस्टन आहे, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंश सेल्सिअसलाच वितळते. मिश्रण कोरडे पडले की आधी नॉकिंग, मग रिंगांच्या मधल्या कडा तुटणे, मग पिस्टनच्या माथ्याला भोक, हा क्रम पुरा व्हायला एका शर्यतीचाही अवकाश लागत नाही. तुझ्या सालच्या इंजिनात फोर्ज केलेले पिस्टन आहेत, १९९३ सालच्यासारखे ओतीव नाहीत, ही जमेची बाजू खरी. तिच्या भरवशावर राहू मात्र नये.

आता हिशेब. तुझे इंजिन कारखान्यातून २२५ अश्वशक्तीचे निघाले. पेट्रोल-इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागते, म्हणजे ११२ पौंड झाले. नायट्रसच्या वाट्याच्या शंभर अश्वशक्तींना थोडे सढळ हाताने, ०.६ पौंडाच्या दराने द्यावे, ते साठ. बेरीज तासाला १७२ पौंड, म्हणजे ७८ किलो, म्हणजे सुमारे १०५ लिटर. याच्यासमोर मूळ व्यवस्था काय आहे? टाकीतला पंप तासाला ८८ लिटरचा, तोही नवा असताना; आणि आठ इंजेक्टर तासाला १९ पौंडांचे, म्हणजे आठही जण क्षणभर न मिटता उघडे राहिले तरी १५२ पौंड. दोन्हीकडे तूट आहे. फोर्डच्या अभियंत्यांनी कसूर केली असे याचा अर्थ नव्हे. २२५ अश्वशक्तींसाठी जेवढे लागते त्यावर माफक शिल्लक ठेवून त्यांनी ती रचना केली, आणि ती शिल्लक तू आता एका दमात उधळायला निघाला आहेस.

याशिवाय एक गोम आहे. तुझ्या गाडीतला संगणक आत येणारी हवा मीटरवरून मोजून पेट्रोल ठरवतो. पण नायट्रसचा फवारा त्या मीटरच्या पुढे सुटत असल्याने या नव्या पाहुण्याची वर्दीच त्याला मिळत नाही. तेव्हा जादा पेट्रोलची तरतूद संगणकाबाहेर, आपली आपण करावी लागते, आणि तिच्या दोन रीती आहेत. 'ड्राय' रीतीत फक्त वायू फवारतात आणि त्याच क्षणी रेग्युलेटरवर दाब आणून इंजेक्टरांमागचे पेट्रोल जोराने लोटतात. 'वेट' रीतीत वायूबरोबर पेट्रोलही त्याच फवारणीतून वेगळ्या सोलेनॉइडवाटे सोडतात. पहिली दिसायला सुटसुटीत आहे, परंतु छिद्रातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो हा नियम तिच्या आड येतो. दीडपट पेट्रोल हवे असेल तर दाब सव्वादोन पट, म्हणजे चौरस इंचाला ३९ पौंडांवरून नव्वदच्या घरात न्यावा लागेल. आणि दाब चढला की पंपाचा प्रवाह उतरतो, म्हणजे गरज शिगेला पोचते तेव्हाच पुरवठा आटतो. माझा कौल निःसंशय वेट रीतीला. तिच्यातला दोष असा की, तुझा इनटेक मॅनिफोल्ड कोरडी हवा वाहण्यासाठी घडवलेला असल्यामुळे कमी फेऱ्यांवर त्यात पेट्रोलचे थारोळे साचते आणि मग उलटा भडका उडू शकतो. म्हणून तीन हजार फेऱ्यांच्या खाली आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावाचून सोलेनॉइडला वीज पोचणारच नाही, अशी दोन स्विचांची साखळी करून घे. ही बाब ऐच्छिक समजू नकोस.

पंप १९० लिटरचा घे. तुझ्या मित्रमंडळींत २५५ लिटरच्या पंपाचा बोलबाला आहे असे दिसते, आणि मोठा पंप असला म्हणजे मन निर्धास्त राहते हेही मला कळते. पण इंजिन मंद चालत असताना जे पेट्रोल खर्च होत नाही ते सगळे मूळ रेग्युलेटरातून आणि परतीच्या नळीतून टाकीत परत जायचे असते, आणि तो मार्ग अरुंद पडला तर दाब आपला आपणच चढून बसतो. १०५ची गरज आणि १९०ची क्षमता, यात म्हातारपणाचीही सोय झाली.

पंपापेक्षाही ज्याकडे लोक काणाडोळा करतात ती त्याची वायर. तीस वर्षांहून जुन्या, गंजल्या जोडांच्या त्या बारीक तारेतून पंपाला साडेतेराऐवजी साडेअकरा व्होल्ट मिळत असतील, तर पेटीवर छापलेले १९० हे निव्वळ सुभाषित ठरेल. बॅटरीपासून जाड वायर, नवा रिले, योग्य फ्यूज, चासीला घासून पक्के केलेले अर्थिंग, आणि जुन्या वायरकडे फक्त रिलेला हुकूम पोचवण्याचे काम. मात्र फोर्डने डिकीत बसवलेला, धडक होताच पंप तोडणारा जो स्विच आहे तो या फेरफारात वगळला जाणार नाही, याची दोनदा खातरजमा कर. हौशी लोक नेमका तोच बाजूला टाकतात, आणि गाडी उलटल्यावर पंप चालूच राहतो. नळीच्या बाबतीतही हेच: इंजेक्शनच्या दाबाचा शिक्का असलेलीच नळी, कार्ब्युरेटरची रबरी नळी नव्हे, आणि दाबाचा काटा गाडीच्या आत हवा असेल तर विजेच्या सेन्सरचा, पेट्रोलची नळी ड्रायव्हरच्या मांडीपाशी आणायची नाही.

आता ज्यासाठी एवढा कागद खर्ची घातला तो मुद्दा. वायू हा पेट्रोलचा ताबेदार असला पाहिजे. पेट्रोलच्या वाटेवर एक दाबाचा स्विच बसवतात, आणि दाब ठरलेल्या पातळीखाली घसरला की तो नायट्रसची वीज तोडतो. तुझ्या इंजिनात मंद गतीला, व्हॅक्यूममुळे, इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाब तिसाच्या आसपास असतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ३९. तेव्हा स्विच पस्तिसावर लावावा. पण इथे सर्वांची फसगत होते ती समजून घे. हा स्विच सोलेनॉइडच्या अलीकडचा दाब पाहतो. समज, पेट्रोलचा सोलेनॉइडच अडकला, त्याची तार सुटली किंवा कचऱ्याने त्याचे छिद्र बुजले, तर अलीकडचा दाब उत्तम राहील, स्विच खुशाल मंजुरी देईल, आणि वायू एकटाच आत जाईल. रखवालदार जागा असून चोरी व्हावी असा हा प्रकार. त्याला उपाय म्हणजे पंपानंतर बारीक फिल्टर, दोन्ही सोलेनॉइडांची वीज एकाच रिलेवरून, दर शर्यतीच्या दिवशी बाटली बंद ठेवून पेट्रोलच्या सोलेनॉइडची परीक्षा, आणि एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर. त्याने दाखवलेला हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा साडेअकरा ते बाराच्या वर सरकू लागला की पाय उचलायचा. शर्यत हरली तरी चालेल.

बाकीचे थोडक्यात. टायमिंग दर पन्नास अश्वशक्तींना दोन अंश, म्हणजे एकूण चार अंशांनी मागे घे. प्लग एक पायरी थंड घाल. पेट्रोल ९३ ऑक्टेनचे, आणि टाकी निम्म्याखाली असताना फवारा नको, कारण गाडी झेपावते तेव्हा टाकीतले पेट्रोल मागे धावते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. बाटलीचा दाब तीस अंशांना सुमारे नऊशे पौंड असतो. उन्हात तापलेली बाटली जास्त वायू ढकलते, पेट्रोल मात्र तेवढेच राहते, म्हणून दाबाची नोंद ठेवल्याशिवाय तोटी उघडू नये. बाटली ज्योतीने शेकणारे लोक तुमच्याकडे आहेत असे ऐकतो. त्यांच्यापासून दूर राहा. १९५१ साली स्थापन झालेल्या तुमच्या त्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांत बाटली सरकारी शिक्क्याची असावी, पक्की जखडलेली असावी, आणि ती माणसांबरोबर आत असेल तर तिच्या सुटकेच्या झडपेचे तोंड गाडीबाहेर काढावे, असे आहे. तुझ्या मस्टँगची मागची डिकी आतल्या बाजूला मोकळीच असते, तेव्हा ते कलम तुला लागू धर. आणि सार्वजनिक रस्त्यावर तोटी बंद, हे मी सांगायला नको.

एवढे सगळे जोडून झाले की, बाटली भरण्यापूर्वी, एक काम मोकळ्या जागेत, अग्निशामक हाताशी ठेवून आणि इंजिन गार असताना कर. वेट संचाच्या फवारणीकडे जाणारी पेट्रोलची नळी सोडवून मापाच्या डब्यात धर, रेलमधला दाब ३९वर ठेव, बॅटरीला चार्जर लावून व्होल्ट साडेतेरा आहेत हे पाहा, सोलेनॉइड तीस सेकंद उघड आणि डब्यात किती पेट्रोल पडले ते मोज. साठ पौंडांच्या हिशेबाने ते तीनशे मिलिलिटरच्या थोडे वर यायला हवे. मग तेच परतीच्या नळीवर, पंपाच्या एकूण प्रवाहासाठी कर. आमच्या पंपरूममध्ये बेंचवरच्या काचेच्या मापनळ्या पाहिल्याशिवाय एकही पंप गिऱ्हाइकाच्या हाती दिला जात नसे, मग तो ट्रॅक्टरचा असो की एस.टी.चा.

ते दोन्ही आकडे, व्होल्ट आणि दाबासह, मला कळव. ते येईपर्यंत बाटली भरू नकोस, एवढे माझे ऐक.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा मामा