ऑकलंडमधले लाल झेंडे

न्यूझीलंड म्हटलं की आपल्याला रिचर्ड हॅडली आठवतो, फार तर मेंढरं आणि लोणी. पण तिथल्या माणसाला त्याच्या खेळाबद्दल विचारलंत, तर क्रिकेटचं नाव तो मागाहून घेईल. आधी रग्बी! काळ्या जर्सीतल्या त्यांच्या संघाला 'ऑल ब्लॅक्स' म्हणतात. त्या जर्सीपुढे तिथे पंतप्रधानाचीही मातब्बरी नाही.

रग्बीचा पहिला विश्वचषक १९८७ साली ऑकलंडच्या ईडन पार्कवर सुरू झाला आणि न्यूझीलंडने तो जिंकला. पुढची चोवीस वर्षं मात्र चषकाने हुलकावणीच दिली. २०११ साली सातवा विश्वचषक पुन्हा न्यूझीलंडमध्ये भरला. वीस संघ, ४८ सामने, ९ सप्टेंबर ते २३ ऑक्टोबर असा दीड महिन्याचा उत्सव. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला ख्राइस्टचर्च शहरात भूकंप होऊन १८५ माणसं गेली होती. तिथलं मैदान खचलं, तिथले सामने दुसऱ्या गावांना द्यावे लागले. दुखावलेल्या त्या देशाला चार आनंदाचे दिवस हवेच होते.

नेमक्या त्याच सुमारास आम्ही उभयता लेकीकडे ऑकलंडला होतो. गणपतीचे दिवस. बेळगावची आरास आणि मिरवणूक यंदा चुकणार, म्हणून सौभाग्यवती जरा खट्टू होत्या. लेकीचं घर माउंट रोस्किल भागात. तिथून सँडरिंगहॅम रोड धरून सरळ चालत निघालं, की वाटेत आपल्या लोकांची किराणा मालाची, मिठाईची दुकानं लागतात आणि पुढे थेट ईडन पार्क. एका रस्त्यावर तूरडाळही आणि विश्वचषकही!

रग्बी ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चेंडू लांबट, अंड्यासारखा. प्रत्येक बाजूला पंधरा गडी, खेळ ऐंशी मिनिटांचा. चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्याने कमरेत मिठी घालून पाडायचं. गंमत अशी, की हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. सोबत्याला द्यायचा तो मागेच. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे पाच गुण. आपल्या भागातल्या माणसाला हा खेळ कळायला वेळ लागत नाही. निम्मी कुस्ती, निम्मी कबड्डी.

काळ्या शहरात लाल रंग

सलामीचा सामना न्यूझीलंड विरुद्ध टोंगा. शहरभर काळे झेंडे दिसतील असं आम्हाला वाटलं होतं. ते होतेच, पण त्यांच्यापेक्षा नजरेत भरत होता लाल रंग. मोटारींच्या खिडक्यांना लाल झेंडे, कुंपणांवर लाल कापडं, गच्चीच्या कठड्यांना लाल पताका. लाल झेंडा आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्या चौकोनात लाल क्रूस, हा टोंगाचा ध्वज. मांगेरे, ओटाहुहू या दक्षिण ऑकलंडच्या वस्त्यांत तर गल्लीच्या गल्ली लाल झालेली.

टोंगा हे पॅसिफिक महासागरातलं राजेशाही असलेलं चिमुकलं राष्ट्र. सुमारे १७० बेटं, त्यातल्या ३६ वर वस्ती, माणसं सगळी मिळून लाखभर. म्हणजे आपल्या बेळगाव शहराच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी. पण जितके टोंगन टोंगात, त्याहून अधिक बाहेर. एकट्या न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या जनगणनेत ते ८२ हजारांवर भरले आणि त्यातले बहुतेक ऑकलंडचे. त्यांतली निम्म्याहून अधिक मंडळी न्यूझीलंडमध्येच जन्मलेली. टोंगाचा संघ सामन्याआधी ऑकलंडच्या विमानतळावर उतरला तेव्हा हजारो लोक स्वागताला धावले आणि विमानतळाचे रस्ते तुंबून गेले. परदेशात गेलेल्या संघाचं असं स्वागत मी तरी पाहिलं नव्हतं. त्या लोकांच्या लेखी मात्र संघ परदेशात आलाच नव्हता.

लेकीच्या शेजारी एक टोंगन कुटुंब राहत होतं. घरातल्या आजी सत्तरीच्या, अंगाने भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. कुंपणापलीकडून 'मालो ए लेलेई' अशी हाक आली, की आमची नात 'आज्जी नमस्कार' म्हणून ओरडायची. दोघींचं छान जमलं होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडून त्यांना उकडीचे मोदक गेले. त्यांच्याकडून केळीच्या पानात बांधलेलं पुडकं आलं. 'लू' नावाचा त्यांचा पदार्थ. अळूच्या पानात नारळाचं दूध आणि मांस बांधून ते भट्टीत भाजतात. आमच्यासाठी मांस वगळून केलेलं होतं. सौभाग्यवतींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, 'अहो, ही तर आपली अळूची भाजी. फोडणीच तेवढी राहिली!'

आजींच्या घरात मोठा नातू काळी जर्सी घालून फिरत होता आणि धाकटा लाल. आजींनी स्वतः लाल पोलकं घातलं होतं आणि गळ्यात काळा स्कार्फ. मी विचारलं, 'उद्या कोणाच्या बाजूने?' त्या हसल्या. म्हणाल्या, 'टोंगा माझी आई. या देशाने माझी मुलं वाढवली. उद्या मी आईसाठी ओरडणार, आणि परवापासून या देशासाठी.'

दोन लाखांचा लोंढा

९ सप्टेंबर, शुक्रवार. ऑकलंडच्या धक्क्यावर दुपारपासून माओरी लोकांच्या लांबलचक होड्या येणार होत्या. रात्री आतषबाजी. धक्क्यावर काही हजार लोक धरून व्यवस्था केलेली होती आणि बंदराच्या काठाला लोटले अदमासे दोन लाख. शहराची अख्खी लोकसंख्या तेव्हा पंधरा लाखांच्या आत, त्यातले दोन लाख एका ठिकाणी! लोकलगाड्या जागोजागी अडकल्या, तिकीट हातात असलेल्या कित्येकांचा उद्घाटन सोहळा हुकला. पुढे बरेच दिवस वर्तमानपत्रांत त्याच्यावर ताशेरे चालू होते. अखेर सरकारने काठावरची जास्त जागा प्रेक्षकांसाठी घेतली.

आमचे जावई शहरातल्या कचेरीतून चालतच निघाले. बंदराच्या बाजूने ईडन पार्कपर्यंत चार-साडेचार किलोमीटरचा रस्ता प्रेक्षकांना पायी जाण्यासाठी आखून दिलेला होता. वाटेत गाणी, वाजंत्री, सोंगं, खाण्याच्या गाड्या. घरी पोचल्यावर ते म्हणाले, 'मामा, कपिलेश्वर तलावाकडे निघालेल्या मिरवणुकीत सापडल्यासारखं वाटलं. फक्त गुलाल नव्हता.' हे ऐकून सौभाग्यवतींची कळी जरा खुलली.

सामना आम्ही शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात पाहिला. टोंगन, मराठी आणि एक गुजराती कुटुंब, मिळून वीसेक माणसं. उद्घाटनाच्या कार्यक्रमात एक लहान मुलगा चेंडू घेऊन धावतो आणि शेवटी त्याला भेटायला जोना लोमू येतो. लोमू पडद्यावर दिसला आणि आजींनी डोळ्यांना पदर लावावा तसा स्कार्फ लावला. लोमूचे आईवडील टोंगन, तो वाढला दक्षिण ऑकलंडच्या मांगेरे भागात आणि खेळला ऑल ब्लॅक्सकडून. १९९५ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध एकट्याने चार ट्राय करून त्याने जग हलवलं होतं. ऐन उमेदीत मूत्रपिंडांनी दगा दिला. २०१५ साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. टोंगन रक्त आणि काळी जर्सी यांची सांगड त्याच्याइतकी कोणी घातली नाही.

मग दोन्ही संघांची युद्धनृत्यं झाली. न्यूझीलंडचा 'हाका', टोंगाचा 'सिपी ताऊ'. मांड्यांवर थापा, आरोळ्या, वटारलेले डोळे. दिवाणखान्यातला मोठा नातू हाका करू लागला, धाकटा सिपी ताऊ, आणि आजी दोघांना ताल देत होत्या.

खेळ म्हणाल तर एकतर्फी झाला. मध्यंतराला २९-३. न्यूझीलंडकडून ट्राय करणाऱ्यांत जेरोम कैनो अमेरिकन सामोआत जन्मलेला आणि मा नोनू सामोअन वंशाचा. टोंगाचा प्रशिक्षक इसितोलो माका हा स्वतः पूर्वी ऑल ब्लॅक्सकडून खेळलेला आणि त्याचा भाऊ फिनाऊ टोंगाचा कर्णधार. आता यात कोण कोणाचा, हे मांडणार कसं? उत्तरार्धात टोंगाचे धिप्पाड गडी न्यूझीलंडच्या रेषेजवळ ठाण मांडून बसले. रेटारेटी करकरून अखेर अलिसोना ताउमालोलोने चेंडू रेषेपलीकडे टेकवला. आमचा दिवाणखाना हादरला. काळ्या जर्सीतला नातूसुद्धा उड्या मारत होता! शेवटी ४१-१० असे हरूनही रात्री उशिरापर्यंत मोटारी लाल झेंडे फडकवत, भोंगे वाजवत फिरत होत्या.

रविवारची गोष्ट

शनिवार-रविवारी देशभर सामने झाले. दूर दक्षिणेला इन्व्हरकार्गिलला स्कॉटलंडने रुमानियाला हरवलं, डनेडिनला इंग्लंडने अर्जेंटिनाला कसंबसं १३-९ असं, वेलिंग्टनला दक्षिण आफ्रिकेने वेल्सला एका गुणाने. रविवारी ११ तारखेला आमची अनंत चतुर्दशी. टोंगन लोकांचा रविवार चर्चचा. टोंगात तर रविवारी कामधंदा न करण्याचा नियम राज्यघटनेतच आहे. आजी चर्चहून आल्या, आम्ही बादलीत गणपती विसर्जन करून आलो, आणि अंगणात चहा झाला.

तेव्हा त्यांनी जुनी गोष्ट काढली. त्यांचे यजमान कारखान्यात कामाला म्हणून आले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. त्या काळी कारखान्यांना माणसं हवी होती, बेटांवरून त्यांना बोलावून घेतलं गेलं. पुढे मंदी आली आणि तीच माणसं डोळ्यांत खुपू लागली. परवान्याची मुदत संपलेल्यांना शोधण्यासाठी पोलीस भल्या पहाटे घरांत शिरत. मुदत संपून राहिलेल्यांत ब्रिटन-अमेरिकेचे गोरेही पुष्कळ होते, पण दारं वाजली ती बेटांवरच्या लोकांची. 'आमचे कागद चोख होते,' आजी म्हणाल्या, 'तरी पहाटे दार वाजलं की छातीत धस्स व्हायचं. आमची भाषा रस्त्यावर हळू आवाजात बोलायची असते, असं मी मुलांना शिकवलं.' मग समोरच्या कुंपणावरच्या लाल झेंड्याकडे बघून म्हणाल्या, 'परवा रात्री ते भोंगे ऐकले ना? ती तीच भाषा आहे.'

त्या झेंड्यांचा खरा अर्थ मला तेव्हा कळला. टोंगा जिंकेल असं कोणालाच वाटत नव्हतं. चाळीस वर्षं हळू आवाजात बोललेलं मोठ्याने बोलायला एक दिवस मिळाला होता, आणि तोही याच देशाच्या सणाच्या निमित्ताने.

पुढे १ ऑक्टोबरला वेलिंग्टनला याच टोंगाने फ्रान्सला १९-१४ असं लोळवलं. तोच फ्रान्स अंतिम सामन्यात पोचला आणि न्यूझीलंडकडून अवघ्या एका गुणाने, ८-७ असा हरला. चोवीस वर्षांचा उपास सुटला. आम्ही तोवर परत आलो होतो. लेकीने फोनवर सांगितलं, की फ्रान्स हरला त्या रात्री आजी अंगणात नाचल्या आणि न्यूझीलंड जिंकलं त्या रात्रीही.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. १ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये पहाटेच्या त्या धाडींबद्दल सरकारच्या वतीने रीतसर क्षमा मागितली. बेटांवरच्या रिवाजाप्रमाणे त्या चटई पांघरून बसल्या होत्या. रग्बीचा नियमही बदलला. पूर्वी एका देशाकडून खेळलात, की दुसऱ्याचं दार बंद. २०२२ पासून तीन वर्षं थांबून जन्मभूमीच्या किंवा आईवडील, आजीआजोबांच्या देशाकडून खेळता येतं. २०११ च्या टोंगा संघात सियाले पिउताऊ होता. त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स पुढे ऑल ब्लॅक्सकडून खेळला आणि नव्या नियमाने २०२३ च्या विश्वचषकात टोंगाच्या लाल जर्सीत उतरला. दोघे भाऊ एकाच घरात वाढलेले.

आपल्या घरांना हे नवं नाही. निपाणी-खानापूरची लेक धारवाडला दिली, की तिची मुलं आजोळी मराठी बोलतात आणि गल्लीत कन्नड. आपण 'माहेर' म्हणतो, शेजारची अक्का 'तवरमनी' म्हणते. माहेरची आठवण काढली म्हणून सासर परकं झालं, असं कोणतीही शहाणी सासू समजत नाही. ज्या घरात माहेरचं नाव मोठ्याने घेता येतं, त्या घरात सून लवकर रुळते.

ऑकलंडला कधी गेलात आणि टोंगाचा सामना असेल, तर ईडन पार्कचं तिकीट नाही मिळालं तरी हळहळू नका. ओटाहुहूच्या रस्त्यावर जाऊन उभे राहा. कोणीतरी हातात लाल झेंडा देईलच. 'मालो' म्हणायचं आणि घ्यायचा. मालो म्हणजे धन्यवाद.