बुजरा पाहुणा

दिवाळी सरते, शेतांतील शाळू गुडघ्याएवढा होतो, आणि धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतील कित्येक वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झालेला असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे भांडीकुंडी, अंथरुणे-पांघरुणे आणि लहान मुले घेऊन ट्रकमध्ये वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात व दूरच्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढचे चार-पाच महिने उसाचा फड हेच त्यांचे गाव. मागे घराला कुलूप लागते. काहींचा कुत्रा गाडीतून बरोबर जातो. काहींना तेवढी जागा होत नाही. मग गाडी निघते, धूळ उडते, आणि एखादा कुत्रा बराच वेळ त्या धुळीमागे धावून अखेर परत येतो व बंद दारापुढे बसून राहतो.

अशी एखादी वस्ती डोळ्यांपुढे आणावी. शेजारच्या घरात अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा आहे आणि त्याची आजी आहे. कुत्रा दोन दिवस त्या दारापुढून हललेला नाही. तिसऱ्या दिवशी मुलाच्या मनात येते, याला आपल्या घरी आणावे. विचार चांगला असतो. परंतु तो तडीस नेणे वाटते तितके सोपे नसते.

हा कुत्रा वाटेवर सहज दिसणाऱ्या कुत्र्यांहून वेगळा आहे. तोंड लांब व निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय उंच आणि सडपातळ. धावू लागला म्हणजे जणू धनुष्यातून सुटलेला बाण! या जातीला मराठवाड्यात ‘कारवानी’ म्हणतात. ज्यांच्या कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस असतात, ते ‘पश्मी’. ‘पश्म’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ लोकर. ‘कारवान’ हाही फारसीच. त्याचा अर्थ व्यापाऱ्यांचा तांडा. कुत्र्याच्या नावातच त्याच्या दूरच्या प्रवासाची खूण राहिली आहे. इराण, अरबस्तान, अफगाणिस्तान या प्रदेशांतून जे व्यापारी आणि सैनिक दक्षिणेत आले, त्यांच्या तांड्यांबरोबर या कुत्र्याचे पूर्वज येथे आले, असे मानले जाते. अरबस्तानातील सलुकी कुत्र्याशी त्याचे रूप फार जुळते.

धाराशिवच्या मातीला असे दूरचे पाहुणे नवे नाहीत. याच जिल्ह्यातील तेर हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावाने समुद्रापलीकडे ठाऊक होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून भडोच बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेली हस्तिदंती मूर्ती या दोघी बहिणी शोभाव्यात अशा आहेत. वस्तू जात होत्या, वस्तू येत होत्या. पुढील शतकांत माणसांबरोबर जनावरेही आली, आणि येथलीच होऊन गेली. कारवानी कुत्रा तर इतका येथला झाला, की मुधोळच्या घोरपडे राजांनी या जातीची जोपासना करून तिची एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट म्हणून दिली. जो एकेकाळी परदेशाहून आला, तोच ‘आमच्या देशाचा’ म्हणून परदेशी गेला! २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा हा कुत्रा होता.

त्याचे मूळ काम सशामागे धावण्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि ते योग्यच झाले. आता तो शेताची, शेळ्यामेंढ्यांची राखण करतो. मात्र त्याचा मूळ स्वभाव पालटला नाही. घरच्या माणसांशी तो गाईसारखा गरीब असतो. परक्याचा हात अंगाला लागलेला त्याला खपत नाही. तो भुंकत अंगावर येत नाही. चार पावले मागे सरतो आणि दुरून पाहत राहतो.

म्हणूनच मुलगा दोन्ही हात पसरून, हाका मारीत त्याच्याकडे धावतो, तेव्हा कुत्रा उठतो आणि शाळूच्या रानात दिसेनासा होतो. मुलगा हिरमुसतो. आपण याला भाकरी द्यायला निघालो आणि हा पळून जातो! आजी ओसरीवरून हे सारे पाहत असते. ती म्हणते,

“आरं बाळा, त्याच्या मागं लागू नगं. पावणा हाय त्यो. भाकर ठेव अन् पाठ फिरीव.”

त्या दिवसापासून मुलाची खरी शिकवण सुरू होते. संध्याकाळी ताकात कुस्करलेली भाकरी तो मातीच्या परळात घालतो, परळ गोठ्याच्या कडेला ठेवतो आणि मागे वळून न पाहता घरात येतो. सकाळी परळ रिकामे असते. कुत्रा मात्र दिसत नाही. चार दिवसांनी तो बैलगाडीखाली बसलेला दिसतो. आठवड्याने मुलगा अंगणात असतानाही तो खातो. पण एक डोळा मुलावर ठेवून! परळ दररोज वीतभर घराकडे सरकते, आणि त्याच्यामागून कुत्राही. एखाद्या दिवशी कोणाच्या हातून घमेले आपटते आणि कुत्रा पुन्हा गाडीखाली जाऊन बसतो. मग पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ.

या अवधीत मुलगा एक नवी भाषा शिकतो. कुत्र्याने मान वळवली, जीभ ओठांवरून फिरवली, झोप आलेली नसताना जांभई दिली, तर तो म्हणत असतो, ‘मला भीती वाटते, थोडे दूर राहा.’ शेपूट पायांत आणि कान मागे, म्हणजे भीती फार वाढली आहे. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहणे हे आपल्याला प्रेमाचे वाटते. त्याला ते दटावणीसारखे वाटते. वरून डोक्याकडे आलेला हात त्याला थोपटणारा वाटत नाही, मारणारा वाटतो. म्हणून मुलगा आता त्याच्याकडे बाजू करून उकिडवा बसतो, हात गुडघ्यावर सैल सोडतो आणि काहीच करीत नाही. ‘काहीच न करणे’ हे या साऱ्या अभ्यासातील सर्वांत अवघड काम असते.

घाबरलेला कुत्रा स्वतःच्या रक्षणासाठी चावू शकतो, हेही आजीला ठाऊक असते. म्हणून कुत्रा थोडा माणसाळताच घरातील मोठी माणसे त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून आणतात. अनोळखी कुत्र्याला मुलांनी हात लावू नये. आणि कधी कुत्रा चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दया आणि दक्षता यांचे वैर नाही.

एके दिवशी, शाळूला कणसे धरलेली असताना, मुलगा ओसरीच्या पायरीवर धडा वाचीत बसलेला असतो. त्याच्या हाताला काहीतरी ओले, थंड लागते. कुत्र्याचे नाक! मुलगा श्वास रोखून बसून राहतो. कुत्रा हात हुंगतो, पुन्हा हुंगतो, आणि मग पायरीखाली अंग टाकून डोळे मिटतो. मुलाला धावत जाऊन आजीला सांगावेसे वाटते. परंतु तो उठत नाही. कुत्र्याची झोपमोड होईल ना!

असे प्रसंग आज केवळ वाडीवस्तीवर घडतात असे नाही. आपल्या देशातील रस्त्यांवरून वाचवलेले कुत्रे विमानाने समुद्रापलीकडे जातात आणि युरोप-अमेरिकेतील घरांत दत्तक घेतले जातात. त्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी, क्रमांक असलेली चिप बसवतात, लस टोचतात, कित्येक देशांसाठी रक्ताची तपासणी करतात, दाखले घेतात. एवढे सोपस्कार पार पाडून तो कुत्रा नव्या घरी पोचतो, आणि मेजाखाली वा कोपऱ्यात शिरून बसतो. तेथील वास वेगळे, आवाज वेगळे, जमीनही वेगळी. त्याच्यासाठी मऊ गादी, खेळणी, सारे काही आणलेले असते. त्याला हवी असते ती सवड. तेथील जाणती माणसेही मग तेच करतात, जे आजीने सांगितले : अन्न ठेवतात आणि पाठ फिरवतात.

ज्या तेर गावाचा उल्लेख वर आला, ते गोरोबाकाकांचे गाव. कुंभार थापटण्याने मडके थापटून पाहतो, तसे त्यांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवले, ही कथा सर्वांना परिचित आहे. त्याच नामदेवांची दुसरी कथा अशी सांगतात, की एका कुत्र्याने त्यांची भाकरी पळवली, तेव्हा कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल या काळजीने ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मडके भाजून पक्के झाले, ते असे. पण कुत्र्यामागे धावावे लागते तसे कधीकधी थांबावेही लागते. दोहोंमागील माया एकच.

शाळूची काढणी होते, कडब्याच्या गंजी उभ्या राहतात, गुढीपाडवा जवळ येतो. कारखाने बंद होऊ लागले, अशी बातमी येते. एक-दोन दिवसांत शेजारचे घर उघडणार! ज्या वार्तेने साऱ्या वस्तीला आनंद होतो, तिने मुलाच्या पोटात मात्र खड्डा पडतो. कुत्रा कोणाचा? पाच महिने त्याने त्याला भाकरी घातली. त्याच्या मनात येते, गाडी येईल त्या दिवशी कुत्र्याला गोठ्यात साखळीने बांधून ठेवावे. तो साखळी हातात घेतो. तिचा आवाज होताच कुत्र्याचे कान मागे जातात आणि मान वळते. ती भाषा आता मुलाला येते. तो साखळी पुन्हा खुंटीला अडकवतो.

गाडीचा आवाज माणसांना ऐकू येण्याआधीच कुत्रा उठून उभा राहतो, आणि पुढच्याच क्षणी तो धुळीकडे धावत सुटतो. ट्रॉलीतून लहान पोरे उड्या टाकतात, कुत्रा त्यांच्याभोवती घिरट्या घालतो, कुंई कुंई करतो. त्याला विसर पडलेला नसतो. मुलगा कुडापाशी उभा राहून पाहतो. त्याचे डोळे भरून येतात. आजी त्याच्या पाठीवर हात ठेवते. बोलत मात्र काही नाही.

त्या घरची मालकीण थोड्या वेळाने येते आणि म्हणते, “लई उपकार झालं, मावशी. तिकडं रोज आठवण यायची बगा ह्याची.” आजी तिला चहा देते.

संध्याकाळ होते. सवयीने मुलगा भाकरी कुस्करतो, मग त्याच्या लक्षात येते, आणि तरीही तो परळ पायरीपाशी ठेवून घरात जातो. थोड्या वेळाने बाहेर लपलप असा आवाज येतो. कुत्रा आलेला असतो. तो खातो, मुलाच्या हाताला नाक लावतो आणि अंगण ओलांडून आपल्या जुन्या दारापुढे जाऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा येतो.

पुढल्या दिवाळीत ते घर पुन्हा बंद होईल. तेव्हा गाडीमागे धावून परतलेल्या त्या कुत्र्याला बंद दारापुढे दोन दिवस उपाशी बसावे लागणार नाही.